दस्ता घरी घडवता येतो, नळी आणि चेंबर नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नाशिकमधील एका नेमबाजी रेंजवर अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारले, "काका, ताईच्या रायफलचा दस्ता तुम्ही घरी बनवलात ना? मग अख्खी रायफलच घरी जुळवायची म्हटली तर किती खर्च येईल?" दस्ता म्हणजे रायफल हातात धरायचा आणि खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. प्रश्नामागे काहीही वाईट हेतू नव्हता. अमेरिकेतील हौशी मंडळी गॅरेजमधल्या टेबलावर एकेक भाग मांडून रायफल कशी उभी करतात, याच्या चित्रफिती त्याने मोबाइलवर पाहिल्या होत्या आणि ती माणसे त्याला आपल्या सातपूर-अंबडच्या कारागिरांसारखीच वाटली होती. माझी उमेदीची वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या साचे आणि अवजारे बनवण्याच्या विभागात, गेली आणि निवृत्तीनंतर मुलीच्या नेमबाजीपायी लाकूडकामाचा नाद लागला. त्यामुळे हाताने वस्तू घडवण्याची ओढ काय असते, हे मला कोणी सांगायला नको. तरीही त्या मुलाला मी जे उत्तर दिले, ते नेमबाजी करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांपर्यंत पोहोचावे असे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या चित्रफिती ज्या देशातल्या आहेत, तिथला कायदाच वेगळा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, शस्त्र बाळगण्यास अपात्र न ठरलेल्या माणसाला विक्रीसाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी रायफल बनवायला परवाना लागत नाही. काही राज्यांनी मात्र अशा शस्त्रावर अनुक्रमांक टाकण्याची सक्ती किंवा आणखी कडक निर्बंध घातले आहेत. शिवाय तिथे कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे तिचा 'रिसीव्हर', अर्थात ज्या सांगाड्यात बाकीचे भाग बसतात तो भाग, आणि म्हणून नळी, ट्रिगर, दस्ता हे सुटे भाग दुकानात सहज विकत मिळतात. आपल्याकडे 1959च्या शस्त्र अधिनियमात 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. कलम 5 नुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणे तर सोडाच, त्याची दुरुस्ती करणे, त्याची चाचणी घेणे, त्यात बदल करणे यांनाही मनाई आहे. नळी आखूड करणे आणि नकली बंदूक खऱ्यात बदलणे यांसाठी कलम 6 वेगळे आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अकरावीतल्या मुलाने केवळ कुतूहलापोटी लेथवर नळी धरली, तर हे सगळे त्याच्या वाट्याला येऊ शकते, हे त्याला कोणी तरी वेळेवर सांगायला हवे.

कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी एक कारागीर म्हणून मी त्याला नाहीच म्हटले असते. आपण मोटारीच्या चाकात हवा भरतो ती दर चौरस इंचाला तीस-बत्तीस पाउंडांची. एअर रायफलच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरमध्ये 200 बार, म्हणजे जवळजवळ 2,900 पाउंड दाब असतो. आणि पॉइंट टू-टू या सर्वांत लहान समजल्या जाणाऱ्या काडतुसाचा बार उडताना चेंबरमधील, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेतील, दाब 24,000 पाउंडांपर्यंत जातो, तोही नेम धरणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर. हा दाब झेलणारे पोलाद कोणते, त्याला पाणी किती द्यायचे, तपासणी कशी करायची, हे ज्या कारखान्यांचे काम आहे त्यांच्यावरच ते सोपवलेले बरे. ज्या हातांनी आयुष्यभर डाय आणि फिक्स्चर बनवले, त्या हातांना जमेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण वाटणे आणि चाचणीवर उतरणे यांत एखाद्या मुलाचा डोळा जाण्याइतके अंतर आहे.

मग घरी करण्यासारखे काय उरते, असे त्या मुलाने विचारले. माझे म्हणणे असे की, जे उरते तेच या खेळातले सर्वांत सुंदर काम आहे आणि त्याची आपल्याकडे फार उपेक्षा झाली आहे.

2016च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंच बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि 20 जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दहा मीटर स्पर्धेतील रायफली या मर्यादेच्या पुष्कळच आत असतात. त्यांचा अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा फक्त कागदाला नेमके भोक पाडण्यापुरता असतो. अशा रायफलचा लाकडी दस्ता, गालपट्टी, खांद्याकडची बटप्लेट आणि मुठीची पकड यांचा छर्‍याच्या वेगाशी काहीही संबंध नाही, पण नेमबाजाच्या शरीराशी मात्र पुरेपूर आहे. लक्ष्यपत्रिकेवरील दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत साधारण सव्वा तास उभे राहून तो टिपायचा असेल, तर रायफल खांद्याला लावल्यावर मान न वाकवता डोळा थेट साइटच्या, म्हणजे ज्यातून नेम धरायचा त्या, भोकासमोर यायला हवा. तसे झाले नाही तर नेमबाजाचे स्नायू रायफल सावरण्यातच खर्ची पडतात.

माझी मुलगी आठवीत असताना एका ज्येष्ठ खेळाडूकडून तिच्यासाठी वापरलेली रायफल घेतली. दस्ता साध्या बीच लाकडाचा होता, प्रौढ पुरुषाच्या मापाचा आणि कमी-जास्त न करता येणारा. बट, म्हणजे दस्त्याचा खांद्याकडचा भाग, तिच्या हाताच्या मानाने चांगली दोन बोटे लांब होती, त्यामुळे ती कमरेतून मागे झुकायची आणि हनुवटी पुढे काढून साइट शोधायची. संध्याकाळी घरी आली की उजवा खांदा धरून बसायची. प्रशिक्षकांनी मला मापे घेऊन दिली: कोपराच्या खळगीपासून ट्रिगरवरच्या बोटाच्या पेरापर्यंत, खांद्यापासून डोळ्यापर्यंत, तळहाताची रुंदी. मूळ दस्त्याला करवत लावायची नाही, असे मी पहिल्याच दिवशी ठरवले. तो आजही जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवलेला आहे, कारण मूल वाढते आणि रायफल पुढे दुसऱ्या कोणाकडे जायची असते.

पहिला दस्ता माझा फसला. लाकडाच्या वखारीतून सागाचा चांगला दिसणारा तुकडा आणला, तो पुरता वाळलेला आहे की नाही याची खातरजमा केली नाही आणि उन्हाळ्यात काम पूर्ण केले. आषाढात त्याने आपले रूप दाखवले. लाकूड फुगले, पुढचा भाग नळीला टेकू लागला आणि ज्या रायफलचे दहा छर्रे एका भोकात जात होते तिचे छर्रे डावीकडे वर सरकू लागले. मुलीला वाटले आपलाच हात बिघडला. महिनाभर तिने स्वतःला दोष दिला, याचे मला अजून वाईट वाटते. दुसऱ्या वेळी जुन्या नाशकातील एका वाड्याचे सामान विकायला निघाले होते, तिथून सागवानी तुळईचा तुकडा आणला. तीन पिढ्यांचे पावसाळे पाहिलेले ते लाकूड आता हलायचे नव्हते. साग पटाशीची धार मात्र फार लवकर मारतो. दर अर्ध्या तासाला पटाशी दगडावर घासावी लागे. गालपट्टीसाठी एका फर्निचरवाल्याकडून शिसवीचा उरलेला तुकडा घेतला.

रायफलचा धातूचा भाग लाकडात बसवताना टूलरूमचे जुने ज्ञान कामी आले. सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या पाटावर, आपण निळा रंग लावून उंचवटे शोधतो, तसाच रंग धातूवर अगदी पातळ लावायचा, भाग लाकडात हलकेच दाबायचा, उचलायचा आणि लाकडावर जिथे निळे ठिपके उमटले तेवढेच पटाशीने खरवडायचे. घाई केली की खड्डा पडतो आणि लाकूड परत लावता येत नाही. रोज रात्री जेवणानंतर तासभर, असे मला यात पावणेदोन महिने लागले. शेवटी सगळीकडे सारखा निळा ठसा उमटला, तेव्हा दोन्ही स्क्रू प्रत्येक वेळी सारख्याच जोराने आवळायचे ठरवून घेतले, कारण एक स्क्रू सैल आणि एक घट्ट असला की नेम जागचा हलतो. वरून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे हात दिले. प्रवासी बॅगा तोलायच्या काट्याला टांगून पाहिले, तर वजन 4 किलो 600 ग्रॅम भरले. नियमाची मर्यादा साडेपाच किलोची आहे. अंगठ्यासाठी आरपार भोक किंवा तळहाताचा टेकू दहा मीटर प्रकारात चालत नाही, हे प्रशिक्षकांनी आधीच बजावले होते. नाहीतर सगळी मेहनत शस्त्र तपासणीच्या टेबलावरच वाया गेली असती.

नव्या दस्त्याने पहिल्या आठवड्यात गुण वाढले नाहीत. खांदा दुखायचा मात्र थांबला. गुण त्यानंतर चार महिन्यांनी वाढू लागले.

या कामातही काही गोष्टींना मी हात लावत नाही. सिलिंडरवर त्याची मुदत कोरलेली असते आणि बनवणाऱ्यांनी साधारणतः दहा वर्षांचे आयुष्य दिलेले असते. ती तारीख उलटली की सिलिंडर कितीही चकचकीत दिसला तरी बाद. स्प्रिंग बदलून किंवा झडप छेडून छर्‍याचा वेग वाढवण्याचे सल्ले मुले एकमेकांना देतात. 20 जूलची रेषा ओलांडली की तीच रायफल परवान्याच्या कक्षेत जाते, हे त्यांना ठाऊक नसते. परवान्यावरच्या पॉइंट टू-टू रायफलचा साधा स्क्रू ढिला वाटला, तरी ती परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावी, या मताचा मी आहे. आणि परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल हे खेळणे होत नाही. नांदूरमध्यमेश्वरसारखे पाणपक्ष्यांचे रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आपल्या जिल्ह्यात असताना, पाखरांवर छर्‍याची बंदूक रोखणारी पोरे अजूनही दिसतात. तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे त्यामुळे हा खेळ खेळणारी प्रत्येक मुलगी आणि मुलगा संशयाच्या नजरेत येतो.

तो संशय आम्ही भोगला आहे. गच्चीवर तेल लावून वाळत ठेवलेला दस्ता पाहून कोणी तरी, या घरात बंदुका बनतात, असे कळवले आणि संध्याकाळी एक पोलीस कर्मचारी दारात उभे राहिले. त्यांचे वागणे सभ्य होते. मी रायफलीची पावती, मुलीचे स्पर्धेचे ओळखपत्र आणि नियमांची छापील प्रत पुढे ठेवली. त्यांनी वरिष्ठांना फोन करून खात्री केली आणि चहा घेऊन गेले. कळवणाऱ्यावरही माझा राग नाही. गावठी कट्ट्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाला लाकडाचा दस्ता आणि लोखंडाचा कट्टा यांतला फरक कळणार कसा? आपल्या दैनिकाने या विषयावरील बातम्यांत 'बंदूक' हा एकच शब्द सरसकट न वापरता एअर रायफल, परवान्याचे शस्त्र आणि बेकायदा शस्त्र असे वेगळे लिहिले, तरी पुष्कळ गैरसमज टळतील, अशी माझी नम्र विनंती आहे.

नाशिकला हे परके नाही. डॉ. मुंजे यांनी 1937 मध्ये स्थापन केलेली भोसला मिलिटरी स्कूल इथे आहे, देवळालीला तोफखान्याची शाळा आहे आणि स्वप्निल कुसाळे याच्या नेमबाजीची घडणही आपल्याच शहरात झाली. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये त्याने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा खाशाबा जाधवांच्या 1952च्या पदकानंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. त्या प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने, अशा तीन स्थितींत नेम धरायचा असतो. स्थिती बदलली की नेमबाज बटप्लेट आणि गालपट्टी पुन्हा आपल्या मापाला लावून घेतो. परदेशी बनावटीच्या महागड्या रायफलींत ही सोय तयार मिळते, पण त्यांची किंमत लाखांत जाते. सिन्नर किंवा निफाडहून एसटीने येणाऱ्या मुलाच्या हाती क्लबची जी सामायिक रायफल पडते, ती बहुधा त्याच्या मापाची नसते. त्याला वाटते, आपल्यात गुणच नाहीत.

म्हणून जिल्ह्यातील रेंज चालवणाऱ्या संस्थांना माझी सूचना अशी आहे की, महिन्यातून एक रविवार त्यांनी मापाचा ठेवावा. प्रशिक्षकांनी मुलांची मापे घ्यावीत, परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याने कशाला हात लावायचा नाही ते दाखवावे आणि आयटीआयच्या सुतारकाम शाखेतील विद्यार्थ्यांनी रेंजवरच, सर्वांदेखत, क्लबच्या एअर रायफलींसाठी बदलत्या मापाच्या बटी आणि गालपट्ट्या बनवाव्यात. मूळ दस्ते जपून ठेवावेत. ज्या मुलाला घरी रायफल जुळवण्याची ओढ लागली आहे, त्याच्या हातात तिथे पटाशी आणि निळ्या रंगाची डबी द्यावी.

असा रविवार कोणी सुरू केला, तर माझी पटाशी, कानशी, दोन शिकंजे आणि वाड्याच्या तुळईचा उरलेला साडेतीन फुटांचा तुकडा घेऊन मी सकाळी आठ वाजता हजर राहीन. त्या अकरावीतल्या मुलाला मी तसे सांगून ठेवले आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कारागीर,
सातपूर, नाशिक