मागचा शिक्का

संपादक महोदय,

आजीच्या लग्नातला एकच फोटो आमच्या घरात उरला आहे. जाड राखाडी पुठ्ठ्यावर चिकटवलेला. काळ्या भागावर कडेकडेने चांदीसारखी झाक चढली आहे, आणि आजीच्या खांद्याशी बुरशीचा ठिपका. तो पसरायच्या आत भावंडांसाठी चार प्रती काढून घ्याव्यात म्हणून दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने फोटो उलटा केला आणि स्टुडिओचा जांभळा शिक्का दिसताच परत सरकवला. "कॉपीराइट आहे. फोटोग्राफरचं पत्र आणा."

आता हा फोटोग्राफर शोधायचा कुठे? स्टुडिओ कधीच बंद पडला. आमच्याकडे पणजोबांची लग्नखर्चाची वही आहे, तिच्यात फोटोवाल्याला दिलेले पैसे नीट मांडलेले आहेत. दुसऱ्या दिवशी ती नेऊन दाखवली. "हे नाही चालत, मॅडम."

सगळा दोष दुकानदाराचा नाही. कागद आपला असला तरी चित्रावरचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो, आणि परवानगीशिवाय प्रत काढून दिली तर निस्तरावे त्यालाच लागेल. पण शिक्का म्हणजे काही सातबारा नव्हे. भारतात १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे मोजून फोटो काढून घेणाराच सहसा त्याचा पहिला हक्कदार. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९८९ रोजी नवा कायदा लागू होईपर्यंत अशा फोटोंना हाच नियम होता. फोटोग्राफरकडे हक्क गेला तो त्यानंतर. अमेरिकेतही १९७८ पूर्वीच्या अशा फोटोंबाबत न्यायालये बहुधा गिऱ्हाइकाच्याच बाजूने धरत. म्हणजे पणजोबांची ती वहीच खरा कागद होती! शिवाय फार जुन्या फोटोंच्या हक्काची मुदतही संपलेली असू शकते. तरी अडतात ते जुनेच फोटो, कारण शिक्के त्यांच्यावरच असतात.

अलीकडे एखाद्या व्यावसायिकाने काढलेला फोटो असेल, तर त्याला जरूर विचारावे. त्याचे पोट त्यावर आहे. जुन्या फोटोंसाठी मात्र दुकानांनी अर्ध्या पानाचा छापील फॉर्म ठेवावा: फोटो कोणी काढून घेतला, साधारण कधी, आपले नाते काय, आणि खाली सही. जबाबदारी सही करणाऱ्याची. फोटोग्राफरांच्या आणि दुकानदारांच्या संघटनांनी एकत्र बसून मसुदा ठरवला तर काउंटरवरच्या मुलाचाही जीव भांड्यात पडेल.

शेवटी मी तो फोटो खिडकीपाशी ठेवून मोबाइलवर टिपला. त्याच दुकानात, त्याच मुलाने पाच मिनिटांत चार प्रती काढून दिल्या. बांगड्यांची नक्षी तेवढी त्यात पुसट आली आहे.

— एक वाचक