उन्हाळ्यातील थंडाव्याविषयी मित्रास पत्र

रत्नागिरी,
चैत्र वद्य पक्ष

प्रिय सुधीर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चंद्रपुरात पारा आत्ताच ४५ अंशांकडे सरकू लागला आहे, धाकट्याचा घोळणा फुटतो आणि तुला स्वतःला उन्हाळी लागून लघवीला आग होते आहे, हे वाचून काळजी वाटली. कोणत्या वनस्पती घ्याव्यात असे तू विचारले आहेस, म्हणून सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यात पित्त वाढते, तेव्हा जे थंड असेल ते पोटात घालावे, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. आयुर्वेदाचे म्हणणे थोडे निराळे आहे. ग्रीष्मात सूर्य सृष्टीतील स्निग्धांश शोषून घेतो, त्यामुळे शरीर रुक्ष आणि दुबळे होते व वाताचा संचय होतो; पित्त साठते ते वर्षा ऋतूत आणि उसळते शरदात. म्हणूनच चरकसंहितेत या ऋतूसाठी मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध असे अन्नपान सांगितले आहे, आणि खारट, आंबट व तिखट कमी करण्यास बजावले आहे. यातील ‘स्निग्ध’ हा शब्द आपण सोयीस्करपणे विसरतो आणि फ्रिजमधल्या बाटल्या रिकाम्या करत बसतो. भूक आधीच मंदावलेली असताना बर्फाचे पाणी तहान भागवल्याचा नुसता भास देते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुझ्या तक्रारीसाठी सर्वांत सोपी गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरातच आहे, ती म्हणजे धने. वनस्पती न उकळता रात्रभर गार पाण्यात भिजवून काढलेल्या अर्काला हिम म्हणतात, आणि शार्ङ्गधरसंहितेत अंगाच्या आतल्या दाहावर धन्याचा हिम साखर घालून सकाळी घेण्यास सांगितले आहे. धने पाट्यावर नुसते भरडावेत. पीठ केल्यास पाणी गढूळ होते. एक भाग भरडीला सहा भाग पाणी घालून मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी हाताने कुस्करून फडक्यातून गाळावे आणि खडीसाखर विरघळवून प्यावे. रंग फिकट सोनेरी आला आणि वास कोवळा राहिला, तर हिम जमला असे समज. मात्र दोन-तीन दिवसांत आग कमी झाली नाही, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीतून रक्त गेले, तर धने बाजूला ठेवून लघवी तपासून घे. तो जंतुसंसर्ग असू शकतो. धाकट्याचा घोळणाही वारंवार फुटत असेल तर डॉक्टरांना दाखव.

आता वाळा. बाजारातील ज्या हिरव्यागार सरबताला आपण वाळ्याचे सरबत म्हणतो, त्यातील तो रंग वाळ्याचा नसतो. वाळा ही एका गवताची पिवळसर तपकिरी मुळे आहेत आणि त्यांच्या पाण्याला जवळजवळ रंगच नसतो. जुडी घेताना एखादे मूळ ओले करून हुंगावे. पावसाच्या पहिल्या सरीनंतर माती दरवळते तसा वास आला तरच ती घ्यावी. मुळांच्या केसाळ तंतूंत माती अडकलेली असते, म्हणून तीन-चार पाण्यांतून धुऊन, पातळ मलमलीत बांधून माठात सोडावी. एक-दोन दिवसांनी पुरचुंडी काढून उन्हात खडखडीत वाळवली की पुन्हा वापरता येते. वास उडाला की बदलावी. तुमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे ओल्या वाळ्याच्या ताट्या खोली खरोखर गार करतात. आमच्या दमट कोकणात ते सुख नाही. येथे ताट्या लावल्या तर वास तेवढा मिळतो.

उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ, हीदेखील अशीच सुगंधी मुळी आहे. तिचाही हिमच करावा, कारण खळखळा उकळल्यावर सुगंध वाफेबरोबर जातो. सब्जा चांगला फुगल्याशिवाय मुलांना देऊ नकोस, कोरडे बी घशात अडकू शकते. गुलकंदात निम्म्याहून अधिक साखरच असते, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कोकम आमचे आवडते खरे, पण ते आंबट आहे. छातीत जळजळत असेल तेव्हा पातळ करून, जिरेपूड घालून प्यावे. रात्री तळपायांची आग होत असेल तर काशाच्या वाटीने तूप चोळणे मला कोणत्याही गोळीपेक्षा बरे वाटते.

तुझ्या आईंना मात्र कोणी ज्येष्ठमधाचा काढा सुचवला तर देऊ नकोस. ज्येष्ठमध थंड मानतात हे खरे, परंतु त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होते; त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. गुळवेलही वैद्यांना विचारल्याशिवाय रोज घेण्याची वस्तू नव्हे.

आणखी एक गोष्ट आग्रहाने लिहितो. कोणाला ऊन लागून बोलणे असंबद्ध झाले, अंग भाजल्यासारखे तापले किंवा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर वाळा आणि धने शोधत बसू नये. सावलीत नेऊन, अंगावर गार पाणी ओतत आणि वारा घालत त्या माणसाला तडक रुग्णालयात पोचवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. खिशातल्या कांद्यावर तुमच्याकडे फार विश्वास आहे, तो कांदा जेवणात घ्यावा. शेतावर जाताना डोक्याला पांढरा पंचा आणि जवळ जलसंजीवनीची पुडी असावी.

उपळसरीची मुळे येथे ओळखीच्या वैद्यांकडे चांगली मिळतात. पुढच्या आठवड्यात आमसुलांबरोबर थोडी पार्सलने पाठवतो. ती मुळे डब्यात भरण्याआधी सावलीत पसरून ठेवण्यास वहिनींना सांग.

आईंना शिरसाष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन