फोटोखाली नावं हवी होती

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला रॅप संगीताच्या सुरुवातीच्या दिवसांवरचा लेख दोनदा वाचला. मराठी पेपरात हा विषय इतका सविस्तर आला याचा आनंद झाला. पण 'फॅट बॉइज' या तिघांना त्यात एका वाक्यात उरकलंय. जाड होते, खाण्यावर गाणी म्हणायचे, लोक हसायचे, झालं. फोटो छापलाय आणि खाली एकाचंही नाव नाही. मी इंदूरला एकतीस वर्षं तबला शिकवतेय. त्या तिघांतल्या एकानं मला लयीतली एक गोष्ट शिकवली आहे, म्हणून हे पत्र.

आधी नावं. मार्क मोरालेस, डेमन विम्बली आणि डॅरेन रॉबिन्सन. ब्रुकलिनमधल्या ईस्ट न्यूयॉर्क वस्तीतली पोरं. पहिल्यांदा ते स्वतःला 'डिस्को थ्री' म्हणवायचे. १९८३ साली रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या स्पर्धेत त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, रेकॉर्डिंगचा करार. त्यांचा डोळा दुसऱ्या बक्षिसाच्या स्टिरिओवर होता असं सांगतात. पुढे युरोपच्या दौऱ्यात हॉटेलातल्या खाण्याचं बिल बघून व्यवस्थापक चार्ल्स स्टेटलर यांना नवं नाव सुचलं, असंही सांगतात. १९८४ साली सूत्रा रेकॉर्ड्सनं त्यांचा पहिला अल्बम काढला, त्याचंही नाव 'फॅट बॉइज'च. निर्मिती रॅपर कर्टिस ब्लो यांची. अमेरिकेत त्याला गोल्ड मिळालं, म्हणजे पाच लाखांचा खप.

आमच्या रामबागेतल्या घरात तो १९८६ च्या दिवाळीत आला. न्यू जर्सीला असलेला माझा आतेभाऊ ती कॅसेट घेऊन आला होता. बाबा पखावज वाजवायचे. नाना पानशांच्या परंपरेतली तालीम, होळकर दरबारापासून या शहरात चालत आलेली. समोरच्या खोलीत सकाळी विद्यार्थी पढंत करत, म्हणजे तोंडानं बोल म्हणत, आणि मागच्या खोलीत आई पोह्यांवर शेव घालत असे. मी सतरा वर्षांची. दादानं टू-इन-वनमध्ये कॅसेट घातली तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलंय. आतून कुणीतरी धापा टाकत होतं.

तो रॉबिन्सन होता. गाणं 'स्टिक एम'. त्यात बहुतेक सगळा ताल त्याच्या तोंडाचा. ओठांचा फर्र असा आवाज, गळ्यातून खोल 'धुम', आणि मध्ये मध्ये जोरात आत ओढलेला श्वास. दादा हसत होता, मीही हसले. बाबा पानाचा डबा घेऊन आत आले, उभे राहिले, आणि त्यांचा हात आपोआप मांडीवर मात्रा मोजायला लागला.

आता ती गोष्ट सांगते. आमच्याकडे पढंत करताना श्वास लपवायचा असतो. बोलांच्या मधल्या फटीत तो असा घ्यायचा की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. मी लांब परण, म्हणजे पखावजाच्या बोलांची बांधलेली रचना, म्हणताना सुस्कारले की बाबा लगेच थांबवायचे. हा मुलगा मात्र श्वासच वाजवत होता. आत ओढलेली हवा हा त्याचा एक बोल होता, ठरलेल्या जागी येणारा, दर फेऱ्यात तिथंच. त्यामुळे त्याला श्वासासाठी थांबावंच लागत नव्हतं. श्वास घेतला की ताल पुढे सरकायचा. बाबांनी ते कडवं चार वेळा मागे घ्यायला लावलं. मग एवढंच म्हणाले, "ह्याचा दम बघ." आमच्या घरात ही लहान शाबासकी नव्हती.

त्या सुट्टीत मी तो ताल वहीत उतरवायला बसले. सोळा मात्रांत चार-चारचे खंड पाडले तर मोजायला तीनतालासारखं जमतं, फक्त 'खाली' नाही, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडतात ती जागा. पण माझी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सारखी चुकायची. त्या संगीतात जोरकस ठोका दुसऱ्या आणि चौथ्या जागी पडतो आणि मी जिथं जोर दिसेल तिथं सम धरत होते. दोन दिवस वही खोडत बसले. बाबांनी पेन्सिल काढून घेतली, पहिल्या मात्रेवरच्या त्या खोल 'धुम'खाली रेघ मारली आणि म्हणाले, जोर आणि सम एकाच घरात राहतात असं कोणी सांगितलं तुला? आजही आडलय, म्हणजे दीडपट लय, शिकवताना मी हे वाक्य वापरते. पखावजाच्या डाव्या पुडीवर आम्ही ओली कणीक लावतो, तेव्हा कुठे तो खर्ज भरतो. रॉबिन्सनचा गळा आणि गाल मिळून तसाच भरलेला खर्ज देत होते. त्या अंगाची चेष्टा करून लोक पुढे गेले. मला तर त्या अंगातूनच तो नाद येताना ऐकू येत होता.

इथं मला माझं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मीही लहानपणापासून अंगानं भरलेली. एका युवक महोत्सवात मी तबला घेऊन मंचावर बसले, बसताना चौरंग करकरला आणि मागच्या रांगांतून हशा पिकला. मी अजून थाप मारली नव्हती. पेशकार सुरू झाल्यावर सभागृह गप्प झालं, नंतर टाळ्याही आल्या, पण दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात माझ्या वादनाबद्दल एक जण बोलला नाही, त्या चौरंगाबद्दल सगळे बोलले. घरी येऊन मी दार लावून 'ह्यूमन बीट बॉक्स' हे गाणं लावलं. या पोरांच्या कार्यक्रमात लोक काय बघून हसायला लागत असतील आणि मग काय ऐकून गप्प होत असतील, हे मला त्या दिवशी कळलं.

विनोद त्यांनी स्वतःच निवडला होता, हे मान्य. 'जेलहाऊस रॅप'मध्ये खाण्याच्या नादापायी तुरुंगात गेल्याची गोष्ट आहे. इंदूरच्या माणसाला ती परकी वाटू नये. आमच्याकडे रात्री अकराला सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला घरंच्या घरं निघतात, खाण्यावर गाणं रचणं यात हलकं काही नाही. आपल्या लोककलेतल्या सोंगाड्याला आपण कलावंत म्हणतो, कारण हसवणं अवघड आहे हे आपल्याला ठाऊक आहे. मग परदेशातल्या पोरांनी तेच लयीत, यमकात, एकमेकांचा शब्द उचलत केलं तर त्यांना नुसते विदूषक कशाला म्हणायचं?

अल्बममधली सगळीच गाणी सारखी उतरली आहेत असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी यंत्राचा ताल फार सरळ चालतो आणि तिघं नुसती बढाई मारत राहतात. पुढचे अल्बम मला याहून कमी आवडतात. १९८७ मध्ये बीच बॉइजबरोबर आणि १९८८ मध्ये चबी चेकर यांच्याबरोबर केलेली गाणी खूप चालली, पण त्यांत रॉबिन्सनचं तोंड फोडणीपुरतं उरलं. बाजाराला त्यांचं वजन विकायचं होतं, ते त्यानं विकलं. याचा मला राग येतो. तोंडानं ताल धरणारे त्या काळात दुसरेही होते, डग ई. फ्रेश तर फारच तयारीचे. रॉबिन्सन एकटाच होता असा माझा दावा नाही. पण त्याच्यासारखा दम मी दुसऱ्याचा ऐकला नाही.

रॉबिन्सन १९९५ च्या डिसेंबरमध्ये गेला, अठ्ठावीस वर्षांचा असताना. मार्क मोरालेस २०२१ मध्ये गेले. १९९२ मध्ये मेरी जे. ब्लाइज यांचं 'रियल लव्ह' गाजलं, ते रचण्यात आणि त्याच्या निर्मितीत याच मोरालेस यांचा हात होता. आपल्या लेखात त्या गाण्याचं कौतुक आहे, मोरालेस यांचं नाव मात्र नाही. लेखकांना हे माहीत असतं तर त्यांनी ते एक वाक्य तसं लिहिलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या वर्गात सध्या बारा वर्षांचा एक मुलगा येतो. तबल्याला हात लावायच्या आधी तो तोंडानं ठोके काढतो, मोबाईलवर ऐकून शिकलाय. पहिल्या दिवशी त्याची आई ओशाळून म्हणाली, "ताई, ह्याला ही सवय सोडवा." मी त्याला तोंडानं सोळा मात्रा धरायला लावल्या आणि वर तीनतालाचा ठेका वाजवला. दुसऱ्या आवर्तनात त्यानं श्वास नेमका खालीच्या जागी घेतला, मोठ्यानं, ऐकू येईल असा. कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला थांबवलं नाही.

बाबांची कॅसेट अजून वाजते. फीत एका ठिकाणी सुरकुतली आहे, तिथं आवाज क्षणभर बुडतो. लेखक इंदुरातच राहतात असं पुरवणीवरून दिसतं. त्यांनी रामबागेत यावं, सकाळी पोहे-जिलबी खाऊन आपण दोघं मिळून ती ऐकू. आणि पुढच्या रविवारी चौकटीत जागा असली तर तोच फोटो पुन्हा छापावा, खाली तिघांची नावं घालून, डॅरेन रॉबिन्सन यांच्या नावापुढे 'तालवादक' असं लिहून, ही आपणास नम्र विनंती.

आपली,
एक तबलाशिक्षिका
रामबाग, इंदूर