कोल्हापुरातून आमची एमजीबी चालू ठेवणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांस,
सा. न.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "ते ऱ्हाऊ दे, गाडी कशी हाय सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जुनी गाडी घरच्या घरी सांभाळणारी मराठी माणसं आता कुठे कुठे आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे, आणि ते कुणाकडून आलं हेही त्यांना कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. आमच्याकडे १९७० ची एमजीबी रोडस्टर आहे. दोन माणसांची, कापडी टपाची, लांब नाकाची गाडी. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या पाच लाखांहून अधिक एमजीबींपैकी ही एक. ॲबिंग्डन आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. काका मात्र कोल्हापूरचे, बाबांचे जुने मित्र. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उद्यमनगरात ॲम्बॅसडर दुरुस्त करण्यात घालवली. एमजीबी त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेली नाही.

तरी पहिल्या व्हिडिओ कॉलवर मी बॉनेट उघडलं आणि तुम्ही म्हणालात, "आगं, हे तर आपलंच इंजिन!" मला वाटलं, धीर द्यायला म्हणताय. पण तुम्ही अक्षरशः खरं बोलत होतात. ॲम्बॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ही बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, एकाच बी-सिरीज घराण्यातली भावंडं. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तोच, ८८.९ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच. फरक बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा: तिथे ७३, इथे ८०.२६. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, दोन्हीकडे १-३-४-२. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली ॲम्बॅसडर बंगालात उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली. इकडे हे इंजिन १९८० नंतर हौशी लोकांच्या शेडमध्ये उरलं, आणि तुमच्याकडे ते रोजच्या पोटापाण्याचं होतं. इथले कित्येक जण पुस्तकात बघून जे करतात ते तुमच्या बोटांत आहे.

आता त्या बंद पडण्याबद्दल लिहिते, कारण माझे सगळ्यात जास्त आभार त्यासाठी आहेत. गाडी सकाळी एका सेल्फला चालू व्हायची. वीसेक मिनिटं उत्तम पळायची, मग एकदम मिसिंग मारून रस्त्याच्या कडेला बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. एका गॅरेजने ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल बदलली. दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलला. पैसे गेले, दोष तसाच राहिला. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही कोणता पार्ट बदलू हे सांगितलंच नाहीत. तुम्ही म्हणालात, "आधी करंट का पेट्रोल एवढं ठरीव. आन् ते गाडी बंद पडल्याबरोबर बघायचं. गार झाली की पुरावा गेला."

मग तुम्ही जो क्रम आखून दिलात तो मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते.

पहिलं, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा काटा. आमच्या गाडीतला हा काटा कॉइलला जाणाऱ्या करंटवर चालतो. इंजिन मेलं तरी गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना काटा शून्यावर आदळला, तर दोष पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारी-जोडणारी जोडी), कंडेन्सर किंवा कॉइलकडे येणाऱ्या वायरीत. काटा चाकांबरोबर हळूहळू उतरला, तर ती बाजू ठीक. लेकाला शेजारी बसवून मी त्याचा व्हिडिओ घ्यायला लावला. काटा हळूहळू उतरला.

दुसरं, पेट्रोल. टाकीचं झाकण उघडल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज येतो का? नाही आला, म्हणजे टाकीचा श्वास कोंडलेला नाही. मागच्या उजव्या चाकाजवळचा एसयू बनावटीचा पेट्रोल पंप किल्ली फिरवल्यावर भराभर टिकटिकतो आणि कार्बोरेटर भरले की मंदावतो का? मंदावत होता. कार्बोरेटरकडची नळी काढून पत्र्याच्या डब्यात सोडली, तर धार जोरकस. ही तपासणी करायच्या आधी "आग विझवायचा सिलिंडर कुठाय, दाखीव" म्हणून तुम्ही अडून बसला होतात, आणि तो कॅमेऱ्यासमोर धरल्याशिवाय पुढचं वाक्य बोलला नाहीत. पेट्रोल संशयातून सुटलं.

तिसरं, करंट. कॉइलची मधली वायर रबरी मुठीच्या पकडीने इंजिनच्या लोखंडापासून थोडी दूर धरली. ठिणगी जाड, निळी. प्लगकडे मात्र काहीच नाही. म्हणजे करंट कॉइलमधून निघतोय आणि प्लगपर्यंत पोचत नाहीये. मधे राहिलं प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि त्यात फिरणारा रोटर. झाकणाला चीर नव्हती. तेव्हा तुम्ही ती तपासणी सांगितलीत जी मी इथल्या कुणाकडून ऐकली नव्हती. झाकण काढायचं, पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू करायची, कॉइलची वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या जेमतेम वर धरायची आणि स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उचकायचे. रोटर धड असेल तर करंटला पुढे जायला वाट नाही, ठिणगी पडणार नाही. पडली, तर रोटरच्या पोटातून करंट खालच्या दांड्यात मुरतोय.

कडाडून पडली. तासाभराने, सगळं गार झाल्यावर तेच केलं, तर नाही पडली.

रोटर नवाकोरा होता, म्हणून त्यावर आधी कुणी संशय घेतला नव्हता. हल्ली मिळणाऱ्या काही रोटरांत पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते. त्या रिव्हेटचं खालचं टोक दांड्याच्या फार जवळ येतं, मधलं प्लास्टिक पातळ असतं, आणि तापलं की तिथून गळती सुरू होते. बिनरिव्हेटचा रोटर बसवला. तेव्हापासून गाडी त्या कारणाने एकदाही थांबलेली नाही. तुम्ही पाहिला होता तो फक्त फोनचा पडदा. पण दर वेळी तुम्ही मला काय दिसलं, काय ऐकू आलं एवढंच विचारत राहिलात, आणि माझे अंदाज सौम्यपणे बाजूला ठेवलेत.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी लावणं, तुमच्याचमुळे मी स्वतः करते. पंधरा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), गार इंजिनवर. चौथा गिअर टाकून, प्लग काढून, गाडी हाताने ढकलत इंजिन फिरवायचं, आणि नऊचा हिशेब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबला की पहिला सेट करायचा, सातवा दबला की दुसरा, बेरीज नऊ आली पाहिजे. फिलर गेज कसं सरकलं पाहिजे हे फोनवर सांगणं किती अवघड, तरी तुम्ही सांगितलंत: लोण्यातून सुरी जाते त्याहून जड. आणि माझ्या टिकटिकीच्या तक्रारीवर म्हणालात की वाजणारा टॅपेट परवडला, गप्प झालेला नको. आवळलेल्या टॅपेटने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. शांत इंजिन म्हणजे चांगलं इंजिन असं मी धरून चालले होते. आता कान वेगळ्या तऱ्हेने लावते.

एसयू कार्बोरेटरांची जोडी लावताना तर तुम्ही मला आधी हातच लावू दिला नाहीत. टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. इतकी माणसं गाडी बिघडली की आधी कार्बोरेटरच पिळतात, आणि मग दोन दोष होतात, हे तुमचं म्हणणं मला आता पटलंय. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींची फुसफुस सारखी करायची. मग कार्बोरेटरमधला पिस्टन मिलिमीटरभरही नाही इतका उचलायचा: इंजिनचा वेग क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर मिश्रण बरोबर, वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी. खालचा नट एका वेळी एकच पैलू फिरवायचा. वरच्या दट्ट्यात तेल आहे ना बघायचं, नाहीतर पिकअपला गाडी अडखळते. कान, दोन बोटं आणि एक नळी. मशिन आणायच्या विचारात होते, ते पैसे वाचले.

पेट्रोलविषयी आपलं एक भांडण मिटायचं आहे. इथे २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात आणि तडकतात, म्हणून मी नळ्या बदलून महागडं, ५ टक्क्यांचं पेट्रोल भरते. तुमच्याकडे तर आता २० टक्क्यांपर्यंत गेलंय. आसपासच्या साखर कारखान्यांत इथेनॉल होतं त्याचा तुम्हाला अभिमान आहे, आणि जुन्या गाड्यांच्या नळ्यांची काळजीही आहे. दोन्ही खरं आहे, काका. माझं म्हणणं इतकंच की दुकानात नळी मागताना इथेनॉलला चालणारीच मागावी, आणि तुमच्या ओळखीच्या जुन्या ॲम्बॅसडरवाल्यांनाही ते सांगा.

गंजाचं मात्र तुम्ही मला माझ्याआधी ओळखून दाखवलंत. मी म्हटलं, इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. तुम्ही लगेच म्हणालात की रत्नागिरी-मालवणकडून आलेल्या गाड्या खालून बघायच्या सवयीने बघ. दारांखालचे सिल या गाडीचा कणा आहेत, ते गेले की गाडी मधे खचते आणि दारांच्या फटी वाकड्या होतात. चुंबक फिरवायला लावलात. एका जागी तो धरेना. आत पत्रा नव्हता, नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. ती बाजू कापून नवीन पत्रा वेल्ड करून घेतला. वेल्डिंग मी केलं नाही, ते इथल्या एका जाणत्या माणसाने केलं, पण कुठे कापायचं हे आपण दोघांनी चुंबकाने ठरवलं होतं.

बाकी किंगपिनला (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला) चाक उचलून ग्रीस, तारांच्या चाकांच्या आतल्या दात्यांना ग्रीस, अर्थिंगच्या पट्ट्या घासून साफ. साडेचार सूतचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाना मागितलात तेव्हा मी नऊ-सोळांश इंचाचा शोधत बसले आणि लेकाने तो आधी काढून दिला. त्यालाही आता तुमची भाषा कळते.

आणि काकूंनाही माझे आभार सांगा. इथली शनिवारची सकाळ म्हणजे तुमची जेवणाची वेळ. किती वेळा ताट वाढलेलं असताना तुम्ही माझ्या फोनमध्ये डोकं घालून बसलेले असता, आणि मागून "पोरीचं इंजिन होऊ दे, भात मी परत गरम करते" असा आवाज येतो. तुमच्या वयाच्या माणसाने एका परक्या देशातल्या शेडसाठी एवढा वेळ द्यावा, असं काही तुमच्यावर बंधन नव्हतं. बाबांच्या मैत्रीपोटी तुम्ही तो दिलात, आणि नंतर, मला माहीत आहे, इंजिनावरच्या प्रेमापोटी दिलात.

मे महिन्यात किंगपिनचे बुश काढायचे आहेत. उजव्या चाकाला वर-खाली हलवलं की खेळ जाणवतो. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर असेल, आणि फोन लावायच्या आधी स्टँडचा फोटो पाठवेन.

काकूंना नमस्कार.

तुमची,
रेडिंगची पुतणी