करार आणि संप : रविवारच्या सभेची आठवण

लोटे-परशुरामच्या सर्व सभासदांना,

रविवारी सकाळी १० वाजता युनियन ऑफिसात सभा आहे. पगाराच्या कराराची बोलणी पाचव्या बैठकीतही सरकली नाहीत. चहा-बिस्किटं झाली, एवढंच.

कँटीनमध्ये दोन तट पडलेत. पोरं म्हणतात, उद्याच गेट बंद करा. जुने म्हणतात, गणपती तोंडावर आलेत, पगार बुडला तर? दोघांचंही खरं आहे, पण ते सभेत बोला.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० प्रमाणे संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी सुरू असताना संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकदम रजा टाकली, तरी तो संपच.

रविवारी ड्युटीवर असलेल्या बॉयलरवाल्यांनी रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडू नये. त्यांनी संपाबद्दलचं आपलं मत शनिवारी लिहून द्यावं.