मंत्रिमहोदय, बाटली मोजता तसा रुग्णही मोजा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

ठाणे जिल्ह्यात दारूपायी वर्षाला किती माणसं जातात, हा प्रश्न आपण एकदा आपल्याच खात्याला विचारावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तारांकित प्रश्न आल्यावर जसं गोलमोल उत्तर तयार होतं तसं नको, सरळ आकडा मागा. तो मिळणार नाही. कोणी लपवतंय असं नाही. तो आकडा कुठे तयारच होत नाही.

मग त्याच जिल्ह्यात दारू किती खपली, ते विचारा. लिटरमध्ये उत्तर येईल. देशी वेगळी, विदेशी वेगळी, बिअर आणि वाइन वेगळी, गेल्या वर्षापेक्षा किती टक्के वाढली तेही. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरचं शुल्क वाढवलं आणि त्यातून सुमारे १४,००० कोटींची जादा भर पडेल असा अंदाज मांडला. त्याच बैठकीत उत्पादन शुल्क खात्याला १,२२३ पदं मंजूर झाली, आसवन्यांवर (दारू गाळणाऱ्या कारखान्यांवर) लक्ष ठेवायला नियंत्रण कक्ष आला, आणि आमच्या ठाण्याला एक नवं अधीक्षक कार्यालयही मिळालं. महसूल बुडू नये म्हणून सरकारने ही काळजी घेतली, त्यात वावगं काही नाही. फक्त बाटली दुकानातून बाहेर पडली की सरकारी नजर तिथेच थांबते. ती ज्याच्या पोटात गेली, त्याचं पुढे काय झालं?

ते पुढचं मी नोकरीभर पाहिलं. या जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) होते. पदाचं नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात बेवारस पेशंटचे नातेवाईक शोधणं, औषधासाठी ट्रस्टचे पैसे मिळवणं आणि रडणाऱ्या बाईला खुर्ची देणं, हे काम. त्यामुळे आकडा कुठे आणि कसा गळतो, ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

पहिली गळती कॅज्युअल्टीत होते. शनिवारी रात्री अकरानंतर तिथे उभं राहिलं तर कळतं. रिक्षातून पडलेला, भांडणात डोकं फुटलेला, जिन्यावरून घसरलेला. केस एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी, असेल तर डॉक्टर कागदाच्या कडेला ‘तोंडाला दारूचा वास’ असं इंग्रजीत खरडतात, कारण उद्या कोर्टात विचारणार. एमएलसी नसेल तर तेवढंही नाही. सकाळी डेटा एंट्रीवाला तो कागद संगणकावर चढवतो तेव्हा उरतं फक्त ‘हेड इंज्युरी’. वास कागदावरच राहतो.

दुसरी गळती वॉर्डात. मांडीचं हाड मोडलेला एक गवंडी ऑर्थोपेडिकमध्ये दाखल झाला होता. रोजची पावशेर, पण ते कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. दुसऱ्या रात्री हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी चादरीवरच्या न दिसणाऱ्या मुंग्या झटकू लागला, पायाला लावलेलं वजन (ट्रॅक्शन) ओढून उठायला बघू लागला. सिस्टरने मनगटं बँडेजने कॉटला बांधली. आई म्हणाली, बाहेरचं काहीतरी झालंय, अंगारा लावू द्या. दारू अचानक तुटल्यावर दोन-तीन दिवसांत असा वात होतो आणि वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो, हे मानसोपचाराच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. लोराझेपाम (शांत करणारं औषध) आणि थायमिनची (ब-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं, ग्लुकोजच्या आधी थायमिन, हा काही महागडा उपचार नव्हे. सुदैवाने रेसिडेंट डॉक्टर हुशार होती, तिने वेळेत ओळखलं. तो वाचला, प्लेट बसवून घरी गेला. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ‘फ्रॅक्चर फिमर’ होतं. दारूचा उल्लेख नाही, थायमिनचा नाही, पुढे कुठे दाखवायचं त्याचा तर नाहीच. राज्याच्या लेखी तो हाड मोडलेला एक माणूस.

तिसरी गळती मृत्यूच्या दाखल्यावर, आणि ती सगळ्यात मोठी. रुग्णालयात मरण आलं की नमुना ४ भरावा लागतो. त्यात मृत्यूचं तात्कालिक कारण, त्यामागचं कारण आणि त्याच्याही मागचं मूळ कारण, अशा ओळी असतात. पोटात पाणी झालेला, रक्ताची उलटी होऊन गेलेला चाळिशीचा माणूस. बायको किंवा मेहुणा डॉक्टरांच्या टेबलाशी येतो आणि हळूच सांगतो, “साहेब, दारू लिहू नका. विम्याचं बघायचंय, मुलीचं लग्न व्हायचंय.” मी स्वतः ही विनवणी कितीतरी वेळा डॉक्टरांपर्यंत पोचवली आहे, आणि त्या घराकडे बघून आजही पोचवेन. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात दारूमुळे झालेल्या यकृतविकाराला के-७० हा स्वतंत्र क्रमांक आहे. ‘अल्कोहोलिक’ हा एक शब्द गाळला की तोच मृत्यू के-७४ मध्ये, म्हणजे नुसत्या सिरॉसिसमध्ये जाऊन बसतो. कामाचा ताण असला तर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून मोकळं होतात. हृदय आणि श्वास तर मरताना प्रत्येकाचाच थांबतो.

आता हे सगळं एकत्र करायचं म्हटलं तर करणार कोण? ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, भिवंडी-निजामपूर, उल्हासनगर, मीरा-भाईंदर. प्रत्येकीचा आरोग्य विभाग वेगळा. ग्रामीण भाग जिल्हा परिषदेकडे, सिव्हिल आपल्याकडे, रुळांवरचे मृत्यू रेल्वे पोलिसांकडे. शिवाय दारू उत्पादन शुल्काची, व्यसनमुक्तीचं धोरण सामाजिक न्यायचं, छापे गृह खात्याचे आणि पेशंट आपला. २६ जूनला, जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, मात्र सगळी खाती एका बॅनरखाली येतात, शाळेची मुलं उन्हात उभी करून शपथ देतात आणि फोटो काढून पांगतात. (त्या मुलांना पाणी तरी द्या, असं मी एकदा सुचवलं होतं.)

देशपातळीवर अभ्यास झालेत, नाही असं नाही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात, साधारण १६ कोटी, आणि ५.७ कोटींना मदतीची गरज आहे, असं त्यात निघालं. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. मोलाचं काम आहे, पण त्याचे अंदाज राज्यापाशी थांबतात, जिल्ह्याला उतरत नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात दारूच्या आजारातले ८६ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. ते बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातले १३.९ टक्के पुरुष दारू पितात असं दिसतं. घरात, घरच्यांच्या देखत दिलेल्या उत्तरांचा हा आकडा आहे, एवढं ध्यानात ठेवून तो वाचावा.

आपल्या आशाताई दारोदार जाऊन तिशीवरच्या माणसांचा सी-बॅक (मधुमेह, रक्तदाबासारख्या आजारांचा धोका तपासणारा) फॉर्म भरतात, तोही असाच. त्यात दारूबद्दल एक प्रश्न आहे: रोज दारू पिता का? हो म्हटलं तर एक गुण, नाही म्हटलं तर शून्य. शुक्रवार ते रविवार क्वार्टरवर क्वार्टर रिचवणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगतो आणि शून्य गुण घेऊन सुटतो. आणि दाराच्या आड बायको उभी असते, ती आशाताईकडे नुसतं बघते. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली आहे. किती वेळा, एका बैठकीत किती, सकाळी उठल्यावर लागते का, त्यापायी कोणाला इजा झाली का, असं ती विचारते. वेळ लागतो पाच मिनिटं. फॉर्म केंद्राचा असला तरी राज्याला पुरवणी जोडायला कोण अडवतं?

तिशीची अट आणखी एका कारणाने टोचते. एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं गिऱ्हाईक तिशीपर्यंत थांबत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीत आलं, त्याआधी जवळपास उघड मिळायचं. माझ्याकडे त्या मुलांच्या आया यायच्या. चार-चार रात्री झोप नाही, खिडकीखाली पोलीस उभे आहेत म्हणतो, बापावर सुरा घेऊन धावला. मुलाची लघवी तपासली तर किट ‘निगेटिव्ह’ दाखवायचं, कारण नेहमीच्या किटमध्ये एमडी बहुतेक वेळा पकडलंच जात नाही. आई त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवून घरी जायची. अफूजन्य नशेला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध तरी आहे. एमडीवर तसं मान्यताप्राप्त औषध नाही, समुपदेशन आणि चिकाटी एवढंच. म्हणजे माणसं लागतात. झोपडपट्टीतल्या पोरांची पंक्चरच्या सोल्यूशनची नशा तर कुठल्याच फॉर्मात नाही.

छाप्यांबद्दल फार लिहीत नाही. २०२२ मध्ये वाशीत संत्र्यांच्या खोक्यांआड १९८ किलो मेथ (मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ) आणि नऊ किलो कोकेन महसूल गुप्तचरांनी पकडलं, ते चांगलंच केलं. पण जप्त मालाच्या किमतीवरून व्यसनी किती ते कळत नाही.

मोजल्याने काय होतं, हेही सांगते. पंजाबात २०१५ मध्ये दहा जिल्ह्यांत अफूजन्य नशेच्या आहारी गेलेल्यांची मोजणी झाली, त्यावरून राज्यात सुमारे २.३२ लाख अवलंबी असल्याचा अंदाज निघाला. राजकारण पेटलं. पण पुढच्या काही वर्षांत तिथे बाह्यरुग्ण पद्धतीने ब्युप्रेनॉर्फिन देणारे दवाखाने उभे राहिले. दुसरं उदाहरण शेजारच्या गोव्याचं. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत बेताबाहेर पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास झाला. तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. गावातलीच शिकवून तयार केलेली माणसं. एक ते चार बैठका. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत २६ टक्के. फरक अफाट नाही, पण खर्च बघा आणि आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ किती आहेत ते बघा. ठाण्यात १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, चांगल्या मानसिक आरोग्य संस्था आहेत. गोव्याला जमलं ते कळव्याला न जमायला काही कारण नाही.

म्हणून मागणं असं, की जिल्ह्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या, कळवा, सिव्हिल, वाशी, कल्याणचं रुक्मिणीबाई, भिवंडीचं इंदिरा गांधी, उल्हासनगरचं मध्यवर्ती, यांच्या कॅज्युअल्टीच्या केस पेपरवर एक रकाना छापून घ्यावा: दारू, अन्य नशा, नाही, विचारलं नाही. ‘विचारलं नाही’ हा पर्याय मुद्दाम ठेवा, तोच सगळ्यात जास्त शिकवेल. जिल्ह्याचे आकडे दर वर्षी मृत्यूंसकट जाहीर व्हावेत. मृत्यूच्या दाखल्याचं गोपनीय वैद्यकीय कारण विम्यापर्यंत जात नाही असा विश्वास घरच्यांना मिळाला, तर डॉक्टरांचा हात मोकळा होईल. आणि पैशाचं म्हणाल तर त्या १४,००० कोटींतला शंभरातला एक रुपया, म्हणजे १४० कोटी. पूर्ण राज्यासाठी.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. ही मोजणी बिननावाची हवी, आणि तिची एकही ओळ पोलीस ठाण्यात जाता कामा नये. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-ए मध्ये स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनीला सेवनाच्या गुन्ह्यातून सूट आहे. १९८५ च्या कायद्यातली ही दुरुस्ती किती घरांना माहीत आहे? माझ्या टेबलासमोर बसलेल्या आयांचा पहिला प्रश्न उपचाराचा नसायचा, “नाव पोलिसांत जाईल का हो?” हाच असायचा. याद्या बनताहेत अशी कुजबुज उठली तर मुंब्र्यापासून तुर्भ्यापर्यंत एक मुलगा दवाखान्याची पायरी चढणार नाही, आणि आपला रकाना कोराच राहील.

पहिल्या वर्षीचा आकडा मोठा निघेल, विरोधक तो सभागृहात आपल्याच अंगावर टाकतील, याची कल्पना आहे. पंजाबात तेच झालं. तेव्हा हवं तर आधी गाजावाजा न करता एकाच रुग्णालयात तीन महिने करून पाहा. त्या रकान्याचा मसुदा माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी तयार केलेला आहे, अर्ध्या पानाचा आहे. आपल्या कार्यालयाने कळवलं की घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)
कळवा, ठाणे