पहिलीचा वर्ग तयार झाला, मनापासून आभार!

विदर्भातल्या उन्हामुळे आपल्या नागपूरच्या शाळा राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. तयारीला वेळ मिळतो खरा, पण ती करावी लागते भर उन्हातच. यंदा ही तयारी माझ्या एकटीच्या हातून झालीच नसती.

इतवारीकडून आलेले ते सुतारकाका. काम आटोपल्यावर त्यांनी प्रत्येक बाकाच्या कडेवरून आणि खालूनही तळहात फिरवून पाहिला. कुठे खिळा वर आलेला नाही ना, कुठे फट लागत नाही ना! एका बाकाची कड पुन्हा घासली. मजुरी विचारली तर म्हणाले, "मॅडम, लेकरं बसणार हायेत." नावही सांगितलं नाही. अशा माणसाचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही.

वस्तीतल्या आयांनी सतरंज्या धुतल्या, पाण्याची टाकी आतून घासून काढली. कॉलेजच्या पोरांनी भिंतीवर मुळाक्षरं रंगवली, तीही मुलांच्या डोळ्यांना येतील इतक्या खाली. हे त्यांचं त्यांनाच सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं. बालभारतीच्या पुस्तकांचे गठ्ठे ऑटोतून आणणाऱ्या दादांनी ते वर्गापर्यंत स्वतः उचलून ठेवले.

तुम्हा सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं आहे. प्रवेशोत्सवाच्या दिवशी सकाळी नक्की या. नव्या लेकरांना पहिलं फूल तुमच्याच हातून द्यायचं आहे.